मागच्या खोलीची भिंत दर श्रावणात ओली होते. पाणी नेमकं येतंय कुठून? (सातारा)

बोगद्याजवळची | ११ ऑगस्ट २०२४

नमस्कार मंडळी. आमचं घर साताऱ्यात बोगद्याच्या अलीकडे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आहे. वडिलांनी १९९४ साली बांधलं. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, एकच मजला. मागची खोली डोंगराच्या अंगाला आहे आणि तिथे आई झोपते. तिला दमा आहे, म्हणून हा धागा काढतेय.

त्या खोलीच्या दोन भिंती ओल्या होतात. एक मागची, डोंगराकडची. दुसरी तिला काटकोनात असलेली, जिच्या पलीकडे न्हाणीघर आहे. दिवाळीला रंग दिला की पुढच्या श्रावणात पोपडे हजर. पांढरा खार फुटतो, हात लावला की पिठासारखा झडतो. कपाटामागे काळी बुरशी धरलीय. मागच्या वर्षी एका रंगाऱ्याने तीन फुटांपर्यंत गिलावा खरवडून वॉटरप्रूफ कोट मारला, वर पुट्टी लावली. २२,००० रुपये गेले. आता ओल तीन फुटांच्या वर, चौथ्या फुटावर दिसते.

चार जणांनी चार कारणं सांगितली आणि प्रत्येकाकडे त्याचा त्याचा डबा तयार आहे. मला आधी कारण कळायला हवंय. कुठून सुरुवात करू?

शाहूपुरीकर | ११ ऑगस्ट २०२४

ताई, स्लॅब बघा. तीस वर्षांचा कोबा (स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर) म्हणजे त्याला केसासारख्या भेगा असणारच. पाणी वरून मुरतं, भिंतीतून उतरतं आणि दिसतं खाली. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. गच्चीचा कोबा काढून नवीन केला, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेने नीट वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घेतला, आणि घर कोरडं झालं. वॉटरप्रूफिंगला नावं ठेवू नका, चांगला माणूस मिळाला पाहिजे.

निवृत्त ओव्हरसियर | १२ ऑगस्ट २०२४

ताई, सगळ्यात आधी आईंची कॉट पुढच्या खोलीत हलवा. आजच. बुरशी असलेल्या खोलीत दम्याच्या माणसाने झोपू नये, भिंतीचं आपण निवांत बघू. आणि त्या दोन भिंतींवर स्विचबोर्ड असतील तर त्यांचा पुरवठा वायरमनकडून बंद करून घ्या. ओल्या भिंतीतला बोर्ड मी कधीच साधा मानत नाही.

आता भिंतीकडे वळू. मी ३१ वर्षं बांधकामावर काढली. ओल सगळीकडे सारखीच दिसते, तिचा स्वभाव मात्र वेगवेगळा असतो. म्हणून काही गोष्टी विचारतो, आठवून लिहा. ओल पहिल्या पावसाबरोबर येते की उशिरा? पाऊस थांबल्यावर किती दिवसांत वाळते? उन्हाळ्यात दोन्ही भिंती कोरड्या असतात का? ओलीची वरची कड आडवी, दोरी धरून आखल्यासारखी आहे, की ढगासारखी वेडीवाकडी? छताच्या कोपऱ्यात डाग आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या बाजूला त्या भिंतीशी जमीन किती उंच आहे? खोलीतल्या फरशीपेक्षा वर की खाली? टेप लावून मोजा, अंदाजाने सांगू नका.

बोगद्याजवळची | १४ ऑगस्ट २०२४

काका, आईला त्याच रात्री पुढे आणलं. बोर्डाचं कामही करून घेतलं.

छत स्वच्छ आहे, वरच्या चार फुटांत एकही डाग नाही. मागच्या भिंतीवरची ओल जूनमध्ये नसते. जूनमध्ये कितीही धो धो कोसळू दे, भिंत कोरडी. जुलैच्या मध्याला फरशीच्या सांध्यातून ओल डोकावते आणि मग वर चढते. पाऊस ऑक्टोबरात थांबतो, पण भिंत डिसेंबरपर्यंत गार लागते. वरची कड बऱ्यापैकी आडवी आहे.

न्हाणीघराकडच्या भिंतीचा डाग गोलसर आहे. खरं सांगायचं तर या प्रश्नाआधी आम्ही तिच्याकडे वेगळं म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. आई म्हणते, ती मे महिन्यातही ओलसर असते.

बाहेर टेप लावला. आतल्या फरशीपेक्षा बाहेरची माती अडीच फूट वर आहे! बांधताना एवढी नव्हती. वरून दरवर्षी थोडी थोडी माती घसरत आली, आणि भिंतीला लागून आईने अबोली, जास्वंद, गवती चहा लावलाय. वाफ्याला रोज पाणी असतं. जोतं कधीच मातीखाली गेलंय.

निवृत्त ओव्हरसियर | १४ ऑगस्ट २०२४

निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

गच्चीचं किंवा बाहेरच्या गिलाव्याच्या भेगांचं पाणी पावसाबरोबर येतं आणि उघडीप मिळाली की चार-आठ दिवसांत ओसरतं. तुमच्याकडे जून कोरडा आणि नोव्हेंबर ओला. हे आभाळातून थेट आलेलं पाणी नव्हे, जमिनीतून फिरून आलेलं आहे. किल्ल्याच्या उतारावर पाऊस पडतो, वरच्या मातीत आणि मुरमात मुरतो. खाली काळा पाषाण लागला की पाण्याला खाली जाता येत नाही, म्हणून ते पाषाणाच्या पाठीवरून उताराने सरकत येतं. मुरूम भरायला महिनाभर लागतो आणि रिकामा व्हायला दोन-तीन महिने. या पाझराच्या वाटेत तुमची मागची भिंत आडवी उभी आहे. वीट म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. कंदिलाची वात जशी तेल ओढते तशी ती पाणी वर ओढते.

त्या रंगाऱ्याने पाणी थांबवलं नाही, पाण्याची बाहेर पडायची वाट बंद केली. आधी ते तीन फुटांपर्यंतच्या गिलाव्यातून वाळून जात होतं. आता तिथे कोट आहे, म्हणून ते वाळायला चौथ्या फुटावर गेलं. खाली टाइल लावणाऱ्यांचीही हीच गत होते. टाइल कोरडी राहते आणि तिच्यावरच्या पट्ट्यात पोपडे येतात.

न्हाणीघराच्या भिंतीबद्दल मात्र मी आज काही बोलणार नाही. मे महिन्यात डोंगर कोरडा असतो.

शाहूपुरीकर | १५ ऑगस्ट २०२४

ओव्हरसियर साहेब, आदर ठेवून विचारतो, कोटिंग मुळातच वाईट असतं असं म्हणायचंय का? आमचं घर त्यानेच वाचलं.

निवृत्त ओव्हरसियर | १५ ऑगस्ट २०२४

मुळीच नाही. तुमचं पाणी गच्चीवरून येत होतं आणि तुम्ही गच्चीवरच इलाज केलात, म्हणून घर वाचलं. कोट पाण्याच्या बाजूने मारायचा असतो. पाणी बाहेर आणि कोट आत असेल तर मागचा दाब त्याला आज ना उद्या सोलून काढतो. ताईंकडेही कोट लागेल, पण मातीच्या अंगाला.

गावभाग सांगली | १६ ऑगस्ट २०२४

मी सांगलीतून लिहितोय. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यात आठ दिवस पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही एक मोठी चूक केली, ती इथे मनापासून सांगतो. दिवाळी जवळ होती, आई-वडिलांना घर उदास वाटत होतं, म्हणून दोन महिन्यांत पुट्टी आणि रंग लावला. संक्रांतीपर्यंत सगळा रंग भिंतीपासून सुटून फुगला.

मग एका जुन्या गवंड्याने सांगितलं ते केलं. पाण्याच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत गिलावा झाडून काढला आणि विटा उघड्या ठेवल्या. त्याचा हिशेब साधा होता, भिंतीच्या इंचाला एक महिना. नऊ इंची भिंतीला नऊ महिने, आणि मध्ये पावसाळा आला तर तो धरायचा नाही. आम्ही ११ महिने घर तसंच ठेवलं. पाहुणे काय म्हणतील याचा त्रास फार झाला. पण नंतर केलेला गिलावा टिकला. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा आम्ही घाई केली नाही.

एक लक्षात ठेवा, खार धुवू नका. पाणी मारलं की तो विरघळून परत विटेत जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा आणि सुपलीत भरून बाहेर टाकायचा. खाली पडू दिला तर फरशीत शिरतो. हा खार हवेतला दमटपणा शोषून घेतो, त्यामुळे पाणी बंद झाल्यावरही पावसाळी हवेत भिंत ओली भासते.

चुना-वीट | १७ ऑगस्ट २०२४

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं बघते, सातारा आणि वाई भागात. वाड्यांची जोती काळ्या दगडाची कंबरभर उंच असायची, वरचं काम चुन्यात. जमिनीतली ओल दगडातच अडायची, थोडी वर गेली तर चुन्यातून वाळून जायची. मग कुणीतरी 'मजबुतीसाठी' त्यावर सिमेंटचा गिलावा चढवतं आणि दोनशे वर्षांची भिंत पाच वर्षांत कुजायला लागते. ताई, तुमच्या विटा सिमेंटमध्ये आहेत, तरी पाणी थांबल्यावर आतून शेवटचा गिलावा चुन्याचा करा. पुट्टी नको, पीओपी तर अजिबात नको. आणि वरचा रंगही चुन्याचाच द्या, ऑइलपेंट मारला की चुन्याचा उपयोग संपला.

ओलीचं मीटर घेऊन कुणी आलं तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका. ते विजेचं वहन मोजतं, आणि खारट भिंत कोरडी असली तरी मीटर ओली सांगतं.

बोगद्याजवळची | २५ ऑगस्ट २०२४

काकांनी फोनवर सुचवलेली फॉईलची तपासणी केली. (त्यांनी नंबर दिला, उपकार आहेत.) चपात्या गुंडाळायचा फॉईल हातभर लांबरुंद कापून दोन्ही भिंतींवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केला आणि दोन दिवस ठेवला. दोन्हीकडे भिंतीकडच्या अंगाला थेंब होते, खोलीकडचं अंग कोरडं. म्हणजे हा हवेचा घाम नाही, पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या अंगाला थेंब आले असते तर खिडकी उघडी ठेवून भागलं असतं म्हणे.

दुसरं, रात्री नळाच्या पाण्याची वेळ संपल्यावर गच्चीवरच्या टाकीचा इनलेट बंद केला, पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारली आणि घरात एकही नळ उघडला नाही. सकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

निवृत्त ओव्हरसियर | २५ ऑगस्ट २०२४

दोन बोटं म्हणजे पुष्कळ झालं. आता फ्लशच्या टाक्यांचे कॉक बंद करून हेच पुन्हा करा, कारण फ्लशचा वॉशर गळला तरी पातळी उतरते. तरीही उतरली तर भिंतीतली लाइन.

आणि एक काम सांगतो, जरा किचकट आहे, पण याच्याइतकं खरं दुसरं काही बोलत नाही. दोन्ही भिंतींच्या विटांची पूड काढा. सहा इंच, दोन फूट आणि चार फूट उंचीवर, प्रत्येक ठिकाणी तीन-चार इंच आतली. ड्रिल हळू चालवा, बिट तापलं तर पाणी तिथेच उडून जातं. छिन्नीने निघाली तर उत्तम. पूड लगेच घट्ट झाकणाच्या डबीत भरा. प्रत्येकी २० ग्रॅम तोलायची, मंद आचेवर तव्यात वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि परत तोलायची. जेवढं घटलं तेवढं पाणी. काटा मात्र सोनाराचा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही.

बोगद्याजवळची | ८ सप्टेंबर २०२४

गणपती काल बसले, आज हे लिहितेय. मामांच्या ओळखीच्या सराफाने काटा दोन दिवस दिला.

मागची भिंत : सहा इंचांवर २० ग्रॅमचे १७.६ राहिले, दोन फुटांवर १८.२, चार फुटांवर १९.१. खाली सगळ्यात ओली, वर जाऊ तशी कोरडी.

न्हाणीघराची भिंत : सहा इंचांवर १८.८, दोन फुटांवर १७.९, चार फुटांवर १९.५. म्हणजे पायथ्यापेक्षा दोन फुटांवर जास्त ओली!

तक्ता लिहून झाल्यावर मी आणि आई बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं आम्ही 'त्या खोलीची ओल' म्हणत होतो, आणि त्या दोन होत्या.

निवृत्त ओव्हरसियर | ८ सप्टेंबर २०२४

शाबास ताई. मागची भिंत पायातून पाणी पिते. दुसरीच्या पोटात दोन फुटांवर काहीतरी फुटलंय. तिथून नळाची लाइन जाते का? १९९४ ची म्हणजे जीआय पाईप (जस्त चढवलेला लोखंडी) असणार. तीस वर्षांत तो आतून गंजून चाळणी होतो, आणि बहुधा एल्बोपाशी (वळणाच्या जोडापाशी) आधी. आता न्हाणीघराच्या फरशीचीही परीक्षा घ्या म्हणजे संशय उरणार नाही. नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाला) कापडाचा बोळा घट्ट बसवा, दोन इंच पाणी साठवा, २४ तास ठेवा. पाण्यात थोडं पोटॅशियम परमँगनेट टाकलं तर जांभळा रंग भिंतीत उतरतो का तेही दिसेल.

बोगद्याजवळची | २२ सप्टेंबर २०२४

फरशी पास. २४ तास पाणी तसंच, भिंतीवर रंग नाही. फ्लश बंद करून टाकीची पातळी दोन वेळा बघितली, दोन्ही वेळा उतरली. प्लंबरने लाइनला हातपंप लावून दाब दिला, तर दाबाचा काटा टिकायलाच तयार नाही. गिझरच्या खालच्या एल्बोपाशी भिंत फोडली. पाईपाला टाचणीएवढं भोक, आणि आजूबाजूची वीट बोटाने कुस्करत होती. सगळी जुनी लाइन रद्द करून सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिकची) टाकली, ६,५०० रुपये लागले. भिंत बुजवायच्या आधी रात्रभर दाबावर ठेवायला लावली.

टाचणीएवढ्या भोकावर तीन वेळा रंग दिला आम्ही.

गावभाग सांगली | २३ सप्टेंबर २०२४

ताई, तुमचं वाचून मी पण आमच्या मोरीची लाइन तपासायला काढली. पुरामुळेच सगळं, असं आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्त ओव्हरसियर | ६ ऑक्टोबर २०२४

आता मागच्या भिंतीचं. काम पावसानंतर, जमिनीतलं पाणी उतरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत करा.

भिंतीला लागलेली अडीच फूट माती काढून जोतं उघडं करायचं. भिंतीपासून तीन फुटांवर, समांतर, दीड फूट रुंद चर. चराचा तळ आतल्या फरशीच्या पातळीखाली किमान एक फूट. पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नका, आणि भिंतीला चिकटून खणू नका. तुमचं घर भारवाही भिंतींचं आहे, म्हणजे स्लॅबचं ओझं भिंतींवरच आहे, पायाखालची माती मोकळी झाली तर ओलीपेक्षा मोठं संकट ओढवेल. एका वेळी पाच-सहा फूटच उघडा, ते भरलं की पुढचं.

चराच्या तळाला शंभराला एक उतार. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), खडीचा थर, भोकं पाडलेला चार इंची पाईप, भोकं खालच्या अंगाला. वर पुन्हा खडी आणि कापड गुंडाळून घ्यायचं, नाहीतर दोन वर्षांत माती जाऊन पाईप तुंबतो. वरच्या टोकाला तपासणीचा चेंबर, खालचं टोक पावसाच्या गटारात. त्यात न्हाणीचं पाणी चुकूनही जोडू नका.

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला जुना गिलावा काढून नवीन, आणि इथे मात्र कोट मारा. शाहूपुरीकर, यासाठी तुमचा माणूस द्या ताईंना. पाणी अडवल्यावरही थोडी ओल पायातून चढत राहिली तर सांध्यात भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय आहे, पण तो नंतरचा. वाहत्या पाझरावर त्याने काही होत नाही.

शाहूपुरीकर | ६ ऑक्टोबर २०२४

देतो. स्वतः घेऊन येतो. माझं पहिल्या दिवशीचं निदान चुकलं होतं ताई, मन लावून सांगितलं होतं एवढंच.

बोगद्याजवळची | १६ मार्च २०२५

काम झालं. चर ३४ फूट लांब, म्हणून दोन टोकांत चार इंचांचा उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंड्याने पातळी काढली, ते बघायला शेजारची मुलं जमली होती. पाया जुन्या जमिनीखाली चार फूट निघाला, म्हणून चर निर्धास्त होता. मुरमाचा थर काकांनी सांगितला तस्साच दिसला, खाली काळा पाषाण आणि दोन्हींच्या मध्ये मार्चमध्येही दमट पट्टा. सगळा खर्च ३८,००० रुपये.

सगळ्यात अवघड वाफा हलवणं होतं. मी विषय काढायला आठवडा घालवला. शेवटी आईच खुरपं घेऊन बसली आणि म्हणाली, "झाडं कुंडीत जगतील गं, भिंत कुंडीत ठेवता येत नाही."

आतला गिलावा दोन्ही भिंतींचा चार फुटांपर्यंत काढलाय. विटा उघड्या.

बोगद्याजवळची | २७ जुलै २०२५

यंदा मे महिन्यातच पावसाने झोडपलं, त्यामुळे भिंतीला वाळायला मिळाले ते जेमतेम दोन महिने. मी धास्तावले होते. जुलैचा मध्य आला, फरशीचे सांधे रोज हाताने चाचपत होते. कोरडे. परवा पाईपाच्या तोंडाशी गेले तर मनगटाएवढी नाही, पण करंगळीएवढी अखंड धार. १५ लिटरची बादली चार मिनिटांत भरली. दिवसाला पाच हजार लिटरच्या वर पाणी. हे सगळं आमच्या भिंतीशी येऊन थांबत होतं.

चुना-वीट | २८ जुलै २०२५

वाचून फार बरं वाटलं. चुन्याच्या गिलाव्याची घाई करू नका. सौम्य हवा लागते त्याला, फार दमट नाही आणि फार कोरडीही नाही. कळवा, मी येऊन जाईन.

बोगद्याजवळची | ९ नोव्हेंबर २०२५

सराफाकडून पुन्हा काटा आणला. मागची भिंत, सहा इंचांवर १७.६ होते, आता १९.१. दोन फुटांवर १९.३. न्हाणीघराच्या भिंतीला दोन फुटांवर १९.६. बुरशीचा वास गेलाय. या दिवाळीला त्या खोलीत रंग नाही, उघड्या विटांपुढेच पणत्या लावल्या.

पाऊस जाऊन तीन आठवडे झाले तरी पाईपातून अजून पाणी येतंय, बादलीला पाऊण तास लागतो. आई ती बादली रोज अबोलीच्या कुंड्यांना घालते. तिची कॉट आता मागे न्यायची का, आणि गिलावा जानेवारीत धरू का?

निवृत्त ओव्हरसियर | ९ नोव्हेंबर २०२५

न्हाणीघराची भिंत झाली, तिचा गिलावा जानेवारीत धरा. मागच्या भिंतीला उन्हाळा द्या. सहा इंचांवर १९.५ च्या पुढे गेल्याशिवाय गवंड्याला बोलावू नका. तोवर कॉट पुढेच असू द्या, उघड्या विटांची धूळ दम्याला बरी नाही. आणि चेंबरचं झाकण उघडून गाळ बघा, पहिल्या वर्षी बराच येतो.